एका स्वारामागे बारा घरं

२ जून १९५८, सोमवार

बसलं! चिलखत मला बसलं! अख्ख्या एर्लेनरोडमध्ये एकाही जर्मनाच्या अंगात न शिरलेलं लोखंड माझ्या अंगात असं शिरलं की शिंप्यानं माप घेऊन शिवलं असावं!

झालं असं — राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, खोलीच्या नोंदणीचा कागद द्यायला गेलो होतो. आत दहा-बारा पुरुष शर्ट काढून उभे. मधोमध गावचे प्रमुख, बुर्गरमाइस्टर हेर डोर्न, लालबुंद. दोघं जण त्यांच्या पाठीत गुडघा रोवून पट्टे ओढतायत आणि ते ओरडतायत. मला वाटलं, मारामारी चाललीय. माझी घरमालकीण फ्राऊ लांग झाडू घेऊन कोपऱ्यात उभी होती. मला म्हणाली, "लढाई संपली तेव्हा यातला एकेक जण आरामात मावला असता. दहा वर्षं लोणी खाल्लं, आता भोगा!"

गावाला सहाशे वर्षं होतायत. सप्टेंबरात मोठा उत्सव. त्यात गावचा स्वार हवा, घोड्यावर, गावच्याच जुन्या चिलखतात. चिलखत आहे, मावणारा नाही. एवढ्यात हेर डोर्न यांची नजर माझ्यावर पडली. नजर कसली — बाजारात बैल बघतात तशी. "हेर डॉक्टर, कोट काढा!" डॉक्टर कुठला, प्रबंध अजून अर्धा आहे. पण कोट काढला.

पुण्यात मला पोरं काडीपैलवान म्हणायची. म्हणा आता!

३ जून

रात्रभर झोप नाही. सकाळी हेर डोर्न स्वतः दारात!

म्हणे गावाला जी सनद मिळाली तिच्यात असं आहे: एर्लेनरोडच्या बारा घरांनी मिळून ग्राफसाहेबाला, म्हणजे इथल्या सरदाराला, एक स्वार पुरवायचा, घोड्यासकट, चिलखतासकट. आणि त्या स्वाराचं राहणं-खाणं गावाकडे. यंदा सगळं सनदेबरहुकूम करायचं असा गावच्या पंचांनी ठराव केलाय. उत्सवाच्या दिवशी चिलखत घालून जो चर्चला घोड्यावरून फेरी मारेल तो गावचा माणूस. त्याला ईस्टरपर्यंत खोली फुकट, जेवण फुकट. आणि जेवण आत्तापासूनच चालू!

मी खुर्चीत बसलोच. माझी शिष्यवृत्ती या महिनाअखेर संपते. प्रबंधाला ईस्टरपर्यंत वेळ लागणार. पोलादाचा तुकडा यंत्रात वाकवत राहायचं, तो थकून मोडेपर्यंत — त्याला घाई कशी करणार? घरून काही येण्यासारखं नाही. आई आळीभर सांगत सुटलीय, आमचा दिनू डॉक्टर होऊन येणार. परतीचं बोटीचं तिकीट तेवढं शिष्यवृत्तीवाल्यांनी काढून दिलंय. बाकी ठणठण गोपाळ. पंधरा दिवस याच विचाराने जेवण जात नव्हतं, आणि त्या न जेवण्यामुळेच चिलखत बसलं!

"पण हेर डोर्न, मी असा सावळा. लोक काय म्हणतील?"

"शिरस्त्राणाची झडप खाली असते. स्वार म्हणजे चिलखत. आत कोण आहे ते ग्राफनेसुद्धा कधी वाकून पाहिलं नाही."

"आणि त्या दिवशी नाही जमलं तर?"

"तर नाही. सनद म्हणजे सनद."

गेनाऊ! बरोबरच आहे! घोड्याचा तेवढा प्रश्न आहे. मी आजवर फक्त टांग्यात बसलोय.

९ जून, सोमवार

जेवणाचे वार लागले! रविवार सोडून रोज दोन घरं, दुपारी एक, रात्री एक. सोमवारी शाळामास्तर, मंगळवारी हेर डोर्न, असं करत बारा घरं फिरायची.

पुण्यात मॅट्रिकपर्यंत सात घरी वार लावून जेवलो. मागच्या दाराने जायचं, हात-पाय धुऊन कोपऱ्यात बसायचं, वाढतील ते निमूट खायचं. इथे पुढच्या दाराने जातो, बाई ॲप्रन सोडून हात मिळवते आणि घरातलं सगळ्यात मोठं ताट माझ्यापुढे! वार तेच. माणूस तोच. मला सारखं हसू येत होतं आणि शाळामास्तरीणबाईंना वाटलं, सूप आवडलं.

१२ जून

मांस खात नाही म्हणून सांगितलं. त्याची भरपाई म्हणून लोणी!

२२ जून, रविवार

मालिनी आली होती डार्मश्टाटहून, बसने. तिला दाखवायला चिलखत घालून अंगणात उभा राहिलो. ती इतकी हसली की फ्राऊ लांगने तिला पाणी आणून दिलं.

मालिनीबद्दल इथे किती वेळा लिहिलं असेल! तरी पुन्हा लिहितो, लिहायला बरं वाटतं. तिथल्या हॉखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करते. बडोद्याची. वडील तिथल्या घोडदळात होते. शेंगदाणे खाताना सालं फुंकते तेव्हाही छान दिसते. मी तिच्यावर प्रेम करतो. हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे — म्हणजे या वहीला.

दुपारभर दोघं हिशेब करत बसलो. सहाशे वर्षांपूर्वी एक स्वार उभा करायचा म्हणजे काय काय लागलं असेल? लोखंड, आणि ते वितळवायला कोळसा. कोळशासाठी जंगलाचा केवढा तुकडा! चामड्याचे पट्टे, आतली गादी, गंजू नये म्हणून चरबी. घोड्याला ओट, नाल. घोड्यामागे एक माणूस, स्वाराला कपडे चढवायला दुसरा माणूस — एकट्याने तर पाठीचं बक्कलही लागत नाही! आणि हे सगळं करून तो स्वार वर्षातले दहा महिने करणार काय? बसून खाणार.

"म्हणजे तुमच्यासारखंच," मालिनी म्हणाली.

मग मला शिकवायला लागली. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येतो तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. "तुम्ही कोण? घोडा उसना, चिलखत उसनं, जेवण पण उसनं. अहो, तुम्ही बारगिराचेही बारगीर!"

बारगीर तर बारगीर! बस सुटेपर्यंत हसत होतो.

६ जुलै

घोडा मिळेना. गावातल्या सगळ्यांनी घोडे विकून ट्रॅक्टर घेतले. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे एक घोडी निघाली. नाव लोटे. पाय केळीच्या बुंध्याएवढे. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि दोघांनाही कळलं की हे काही खरं नाही.

चढलो. पलीकडच्या बाजूने उतरलो. खाली शेण होतं म्हणून वाचलो.

१३ जुलै

मालिनी आली आणि लोटेच्या कानात काहीतरी पुटपुटली. घोडीने मान खाली घातली! मग ही बया साडीचा काष्टा मारून एका उडीत वर, आणि लगाम हातात धरला न धरला तोच घोडी अंगणात गोल-गोल फिरायला लागली. म्हातारा शेतकरी पाइप तोंडातून काढून बघत राहिला. मीसुद्धा बघत राहिलो. अजून डोळ्यांपुढे तेच आहे.

२१ जुलै

कबूल करायला हवं. जेवण जरा जास्त होतंय.

दोष आईचा. 'पानात टाकायचं नाही' हे तिने हाडात भिनवलंय. इथे ताट रिकामं केलं की बाईला वाटतं, बिचारा अजून भुकेला आहे. ती वाढते. मी संपवतो. ती वाढते. शेवटी मी 'पुरे' म्हणतो. पण आपल्याकडे पहिल्या 'पुरे'ला कोण पुरे मानतं? म्हणून मीही ते अशा सुरात म्हणतो की शाळामास्तरीणबाईंना आपला आग्रहाचा सूर बरोब्बर कळायला लागलाय. आज बटाट्याचे पाच गोळे, मशरूमचा रस्सा, आणि वर चेरीचा केक, फेटलेल्या सायीसकट. मंगळवारी हेर डोर्न यांच्याकडे चार गोळे होते, हे तिला आधीच कुठून तरी कळलं होतं.

अधिक महिना लागलाय. आपल्याकडे या महिन्यात जावयाला बोलावून अनारसे वाढतात. मला तर बारा सासुरवाड्या!

३ ऑगस्ट, रविवार

पट्ट्याचं शेवटचं भोक.

४ ऑगस्ट

चामडं उन्हाने आक्रसलं असणार.

१० ऑगस्ट

चामडं आक्रसलेलं नाही. फ्राऊ लांगने मला लाँड्रीच्या खोलीत नेलं, अंगात चिलखत घातलं, पट्टा ओढला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हेर दिनकर, तुम्ही जर्मन झालात."

हसण्यावारी नेतोय, पण चिलखत नाही तर खोली नाही, खोली नाही तर प्रबंध नाही. आळीत कुठल्या तोंडाने जाऊ?

१७ ऑगस्ट

मालिनी आज आली होती. तिला वडील पैसे पाठवतात ते बंद झाले. सरकारकडे परकीय चलन उरलेलं नाही म्हणे, परवानगी नाकारली. "ऑक्टोबरात परत जावं लागणार बहुतेक," म्हणाली, आणि लगेच विषय बदलला, "तुमचं पोट कसं आहे?"

तिचाही प्रबंध ईस्टरचाच. माझ्यापेक्षा पुढे आहे ती.

मी म्हटलं, "काहीतरी होईल." किती बावळट वाक्य!

१८ ऑगस्ट, सोमवार

उपाय सापडला! श्रावणी सोमवार! उपास! याला कोण काय बोलणार? देवाधर्माची गोष्ट. शाळामास्तरीणबाईंना समजावून सांगितलं — आज धान्य नाही, ब्रेड नाही, केक नाही. तिने हात जोडले. केवढा आदर! मग हळूच विचारलं, "मग चालतं तरी काय?"

मी खरं तेच सांगितलं. "बटाटा चालतो."

२० ऑगस्ट

बातमी गावभर पसरली. भारतीयांचा पवित्र महिना आहे आणि त्यात बटाटा चालतो. लोण्यात तळलेला बटाटा, सायीतला बटाटा, चीजखाली भाजलेला बटाटा. हेर डोर्न यांच्या बायकोने बटाट्याची खीर केली! आता रोजच उपास.

२४ ऑगस्ट

मालिनीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "एकादशी आणि दुप्पट खाशी."

६ सप्टेंबर

आल्झो, तर मग. चार दिवस गुपचूप पळतोय, जंगलातून, सकाळी. भूक प्रचंड लागते.

१३ सप्टेंबर, शनिवार

चार बोटं. पुढचा पत्रा आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये चार बोटं! फ्राऊ लांगने श्वास सोडायला लावला, डुकराची चरबी लावली (देवा, क्षमा कर), स्वतःच्या कॉर्सेटची दोरी आणून ओढली. चार बोटांची तीन झाली आणि माझे डोळे पांढरे झाले.

उद्या सकाळी मिरवणूक. बाहेर पताका लावतायत, बँडवाले तालीम करतायत. मालिनी उद्याच्यासाठी आजच आलीय, फ्राऊ लांगकडेच उतरलीय. जिन्यावर दोघी काहीतरी कुजबुजतायत. मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

नीट लिहितो.

सकाळी लाँड्रीच्या खोलीत गेलो तर मालिनी माझी पॅन्ट घालून उभी. वेणी डोक्यावर बांधलेली. फ्राऊ लांग तिच्या पाठीचं बक्कल लावत होती. लागलं! खटकन! वर दोन भोकं शिल्लक!

"अहो, असे आ वासून काय बघताय? शिरस्त्राण द्या," मालिनी म्हणाली. "तुमचा प्रबंध बुडू द्यायचा का? झडप खाली असते. आत कोण, कोण बघतंय?"

मी नको म्हणालो. खरंच म्हणालो. ती म्हणाली, "हा पहिला 'नको' आहे, हा धरत नाहीत."

मी पडद्याआडून बघितलं. बँड वाजला आणि लोटे आली — ती केळीच्या पायांची, शेणात पाडणारी लोटे मान ताठ करून आली! चर्चला एक फेरी मारायची होती, मालिनीने तीन मारल्या. तिसरी दौडत. मग चौकात घोडी जागच्या जागी फिरवली आणि तलवार उपसून हेर डोर्न यांना सलाम केला. सगळं गाव ओरडत होतं, "हेर डॉक्टर! हेर डॉक्टर!" फ्राऊ लांग रडत होती. मी पडद्यात तोंड खुपसून हसत होतो, रडतही होतो बहुतेक. आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही!

संध्याकाळी तंबूत दीडशे माणसं. हेर डोर्न यांनी मला बाकावर चढवलं, हातात ग्लास दिला, भाषण सुरू केलं — हा आपला माणूस, ईस्टरपर्यंत आपण याला पोसणार. टाळ्या. शाळामास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघून हात हलवला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती ती मालिनी, मागे, पुन्हा साडी नेसून. जिला ऑक्टोबरात जायचंय ती.

मला ते झेपेना. म्हटलं, "आत मी नव्हतो."

आणि बोट केलं तिच्याकडे.

मग म्हातारा शेतकरी पाइप काढून म्हणाला, "ते लोटेला सकाळीच कळलं होतं." आणि तंबू फुटतो की काय असा हशा! हेर डोर्न मात्र हसले नाहीत. ते हिशेबात पडले होते.

१५ सप्टेंबर

मालिनी बोलत नाहीय. बसमध्ये चढताना एकच वाक्य. "मी कशासाठी चढले होते घोड्यावर?"

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पंचांची सभा झाली. तीन तास! कुणी म्हणे फसवणूक, कुणी म्हणे स्वार पुरुषच हवा. शेवटी शाळामास्तरांनी सनद काढून वाचली. तिच्यात पुरुष नाही, बाई नाही. 'घोड्यावर एक चिलखत' एवढंच. हेर डोर्न उठले आणि म्हणाले, "मी स्वतःच म्हणालो होतो, आत कोण ते ग्राफ बघत नसे. चिलखत घालून फेरी मारली ती गावची. फ्रॉयलाइन मालिनी ईस्टरपर्यंत आमच्याकडे."

मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "दोघांना नाही पोसता येणार हो. चर्चचं छप्पर पण करायचंय."

मीच तर हिशेब केला होता. बारा घरांत एकच स्वार निघतो. हात पुढे केला आणि त्यांचा हात जोरात हलवला. जा, जा, अगदी बरोबर आहे!

घरी येऊन मात्र रडलो. उशीत तोंड घालून, पोरासारखा.

२१ सप्टेंबर, रविवार

फ्राऊ लांगच्या सफरचंदाच्या झाडाखाली भांडण. मालिनी नाहीच म्हणते. "तुमची खोली, तुमचे वार, तुमचा प्रबंध. मी कोण घेणार?"

"तुम्ही शिलेदार आहात. मी फक्त खाल्लं."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. माझे पोलादाचे तुकडे पेटीत मावतात, पुण्यात बसून लिहीन जमेल तेवढं. तुमच्या प्रयोगाच्या बाटल्या बोटीवर नेता येतात का?"

तिने खाली पडलेलं एक सफरचंद उचललं.

"आणि मी राहिलो तर ईस्टरला दारातून बाहेर निघायचा नाही. भिंत पाडावी लागेल."

तेव्हा हसली. हसता हसता रडली. मग "बरं" म्हणाली. हा मात्र पहिलाच होता आणि मी धरला.

बाकी जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. ज्याचं आता सगळंच बुडालं त्याने कुठल्या तोंडाने विचारायचं?

२८ सप्टेंबर

पेटी भरली. बारा घरांनी बारा केक दिले.

४ ऑक्टोबर, शनिवार. बोट गाठायला, जेनोवाच्या गाडीत

डार्मश्टाटला गाडी हलली तशी मालिनी खिडकीबरोबर चालायला लागली. म्हणाली, "ईस्टरला प्रबंध देते. आईंना सांगा, वैशाखातला मुहूर्त बघून ठेवा." मी म्हटलं, "कुणाचा?" ती ओरडली, "अहो, आपला! आणि पट्टा सैल करा, श्वास घ्या!" तेव्हापासून डब्यात एकटाच हसतोय. समोरची बाई जागा बदलून गेली.

आता आईला लिहायला बसतो. घरात डॉक्टर येणार हे नक्की. फक्त तो मी नाही.